एकोणचाळीस पट्ट्या

सोमवारी सकाळी निपाणीहून कीबोर्डवाल्या साईराजचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. फोन कौतुकाचाच असणार अशी माझी पक्की समजूत होती, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. नागेंद्रनेही ऐकावं, एवढाच हेतू. नागेंद्र म्हणजे माझा नवरा. माझ्या कामाला तो गेली आठ वर्षं ‘तुझं ते टुंगटुंग’ म्हणत आला आहे. साईराज म्हणाला, “ताई, टोन एक नंबर झालाय. एकेक पट्टी वाजवली की मामाची पेटीच. पण चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्या की मागनं कायतरी खडखड याला लागलंय बघा. स्टँडावर गाडी चालू ठेवून डायवर च्या प्याला गेल्यावानी.” नागेंद्रने डबा उचलला, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि तो गेला. त्याच्या न बघण्यात मोठेपणा होता हे मला कळत होतं आणि त्यामुळेच जास्त राग आला.

माझं काम सांगायला सोपं आहे, पटवायला अवघड, निदान आमच्या टिळकवाडीत तरी. कीबोर्डमध्ये हलगीचा, संबळाचा, पेटीचा आवाज कंपनीकडूनच भरून येतो. पण तो लांबच्या कुठल्या तरी देशातल्या माणसाने मनाशी धरलेल्या पेटीचा असतो. आमच्या भागातल्या वाजवणाऱ्यांना आपल्याच मंडळाची पेटी हवी असते, आपल्याच गावची हलगी. मी खरं वाद्य समोर ठेवते, त्याचा एकेक आवाज माइकवर घेते, पुढचं-मागचं कापते आणि कीबोर्डच्या एकेका पट्टीवर नेऊन बसवते. त्याला सॅम्पल म्हणतात. वाजवणारे टोन म्हणतात. शेजारच्या काकू विचारतात, म्हणजे तुम्ही गाता का. मी नाही म्हणते. मग वाजवता का. तेही नाही. मग त्या गप्प बसतात आणि मला आपण काहीच करत नसल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर मी फक्त ऐकते. दिवसभर कानावर हेडफोन चढवून ऐकणं, हेच माझं काम आहे आणि ते मला चांगलं येतं, असं मी त्या सोमवारपर्यंत धरून चालले होते.

पेटी वाजवायला दोन हात लागतात हे आपल्या लक्षातही येत नाही. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागे भात्यावर, आणि सगळं कौतुक उजव्याचं. गुंजीच्या भावकूआप्पांची डावी बाजू गेल्या दसऱ्यानंतर गेली. पाय काठीवर आला, हात आला नाही. भाता भजनी मंडळातल्या कोणीतरी मारायचा आणि वाजवायचं आप्पांनी, असं दोन गुरुवार करून पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी ते मागच्या रांगेत जाऊन बसले. मला ते स्वतः म्हणाले होते, “दुसऱ्यानं भाता मारला की त्याच्या दमानं वाजवावं लागतंय पोरी. माझा दम येगळा.” टाळ घ्यावेत तर टाळांनाही दोन हात लागतात. देवळात सगळे वाजवतात, आणि ज्याने चाळीस वर्षं सगळ्यांना सूर दिला तो माणूस मांडीवर हात ठेवून बसतो. साईराज त्यांचा भाचा, निपाणीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याने आपला जुना कीबोर्ड मामाला नेऊन दिला. कीबोर्डला भाता लागत नाही, एका हातावर भागतं. आप्पांनी त्यातला पेटीचा आवाज ऐकला आणि विचारलं, “ह्यो कोण?” त्यांना त्यांचीच पेटी हवी होती, एका हाताने वाजणारी. म्हणून सव्वातीन सप्तकांची, एकोणचाळीस पट्ट्यांची ती काळपट पेटी गुंजीहून माझ्याकडे आली होती. पुढच्या सोमवारी त्यांच्या देवळात सप्ताह बसणार होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मला तो आवाज त्यांच्या हाताखाली द्यायचा होता; तपासायला आधी साईराजला पाठवला होता. दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा आणि ते फक्त विचारायचे, “झाली काय गं माझी पेटी?”

मी हेडफोन लावला. साईराजने सांगितल्याप्रमाणे चार पट्ट्या एकदम दाबल्या. पेटी वाजली. भात्याच्या कातड्याचा तो हलका श्वास, सूर लागण्याआधीची बारीकशी कुरकुर, सगळं जिथल्या तिथे होतं. खडखड नव्हती. पाच पट्ट्या दाबल्या, आवाज वाढवला. नव्हतीच. साईराज पोरगा असला तरी त्याचा कान खोटं बोलणारा नाही, आणि आप्पांचा तर नाहीच. म्हणजे खडखड होती आणि ती मला ऐकू येत नव्हती. मी हेडफोन काढून ठेवला. स्वयंपाकघरात फ्रीज चालू होता का बंद, हे मला सांगता येईना. मागच्या महिन्यात त्याचं दार उघडं राहून तो टींटीं करत होता आणि नागेंद्र आतून ओरडला होता, “अगं, ऐकू येत नाही का?” तेव्हा मी हसले होते. आता मी उठून फ्रीजला हात लावून पाहिला.

आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान असेच गेले. पाहुणे एकेक करून उठून जातात तसे. आधी आईच्या बांगड्या गेल्या. ती मागे येऊन उभी राहिली तरी ते दचकायला लागले. मग सायकलची घंटी, मग दाराची कडी, मग बायकांचे आवाज. पुरुषांचे आवाज बरीच वर्षं टिकले, तेव्हा आई म्हणायची, ह्यांना माझं तेवढं ऐकायचं नाही. आम्ही वडगावचे. खालच्या खोलीत दोन यंत्रमाग, वर आम्ही राहायचो. पलीकडे नागराजचे चार माग, मागच्या गल्लीत आणखी, आणि सगळ्यांच्या जमिनी एकमेकींना लागलेल्या, त्यामुळे कुणाचा माग कुणाच्या घरात थरथरतो याचा हिशेब कोणी ठेवत नसे. आमच्याकडे प्रेमाचं, भांडणाचं, आजारपणाचं, सगळं बोलणं ओरडूनच व्हायचं. लग्न होऊन टिळकवाडीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, मी समोरच बसलेय.” त्या दिवसापासून मी आवाज खाली आणायला शिकले. इतका खाली आणला, की वडगावला गेले की आई म्हणते, काय पुटपुटतेस, आजारी आहेस काय. मी माझ्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या कानाशी नेऊन वाजवल्या. वाजल्या. डाव्या कानाशी वाजवल्या. तिकडेही वाजल्या. पण जे ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही हे माणसाला कळणार कसं? अण्णांनाही कधी कळलं नव्हतं. ते म्हणायचे, आजकाल लोक हळू बोलायला लागलेत.

दुपारपर्यंत मी काही केलं नाही. म्हणजे भांडी घासली, कपडे वाळत घातले, आणि मनात स्वतःचं पुढचं आयुष्य लावून पाहिलं. शाळेत पुन्हा संगणक शिकवायला जावं लागेल. लोकांना काय सांगायचं? कान खराब झाले म्हणून सांगायचं, की कंटाळा आला म्हणून? मग तीनच्या सुमाराला एक गोष्ट सुचली, जी खरं तर सकाळीच सुचायला हवी होती. प्रत्येक पट्टीच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये सूर लागण्याआधी अर्धा-एक सेकंद मोकळा असतो. तिथे काहीच नसतं. मी वीस पट्ट्यांचं ते ‘काहीच नाही’ कापून घेतलं, एकावर एक ठेवलं, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि ऐकलं. खडक-खड, खडक-खड, खडक, आणि मध्येच एक लंगडल्यासारखा अर्धा ठोका. मी ओळखलंच. तो नागराजचा दुसरा माग होता. दाराजवळचा, ज्याचा सूत नेणारा धोटा गेल्या पंधरा वर्षांत कधी सरळ गेला नाही. मी एकटीच मोठ्याने हसले. माझे कान शाबूत होते. एका पट्टीत तो माग इतका बारीक होता की असून नसल्यासारखा; पण पाच बोटांनी पाच पट्ट्या दाबल्या की पाच नागराज एकदम माग चालवायला बसत होते.

हसून झाल्यावर मात्र बसवेना. कारण आता दुसरा प्रश्न होता. तो माग मला रेकॉर्डिंग करताना ऐकू कसा आला नाही? टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकर, कुत्री आणि रेल्वे गेटवरचे हॉर्न, म्हणून मी शांत जागा शोधत होते. मुद्दाम, विचार करून, पेटी, माइक-बिइक घेऊन रिक्षाने मी वडगावला माहेरी गेले होते. दुपारची वेळ, वरची खोली, खिडकी बंद. अण्णांचे माग तीन वर्षांपूर्वी भंगारात गेले, खालची खोली रिकामी, जमिनीत नुसते नटबोल्ट राहिलेत. मी खोलीच्या मध्ये उभी राहून डोळे मिटून ऐकलं होतं आणि स्वतःशी म्हटलं होतं, वा, काय शांत आहे. दुसऱ्या कोणत्याही गावच्या माणसाने जिन्यातच कानावर हात ठेवले असते. मला लहानपणच्या दुपारी आठवल्या. माग चालू असले की आम्ही पोरं गाढ झोपायचो, आणि करंट गेला की टक्क जागी व्हायचो. गल्लीतली सगळी तान्ही बाळं एकदम रडायला लागायची. त्या बंद पडलेल्या मागांच्या जागी जे काही यायचं त्याची भीती वाटायची, त्याला आमच्याकडे नाव नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या रात्री मला झोप आली नाही. सासरचे समजले, माहेरची आठवण येतेय. आठवण कसली, कान मोकळे पडले होते. आणि इतकी वर्षं मी समजत होते की मी वडगाव सोडून आले. हळू बोलायला शिकले, हळू चालायला शिकले, माझ्या कामाबद्दल लोकांना सांगताना माझा कान किती तयार आहे ते सांगायला शिकले. आणि कानाच्या तळाशी वडगाव तसंच चालू होतं. मला लाज वाटली. मग त्या लाजेची लाज वाटली, कारण त्याच खडखडाटावर माझी शाळेची फी भरली गेली होती.

संध्याकाळपर्यंत मी माग पुसून पाहिला. आवाजातून नको तो आवाज काढून टाकायची सोय संगणकात असते. माग गेला, पण त्याच्याबरोबर भात्याचा श्वासही गेला, आणि राहिली ती पेटी पत्र्याच्या डब्यात बसून वाजतेय अशी वाटायला लागली. थोडा श्वास परत आणला की नागराजही परत यायचा. साईराजला हे चाललं असतं. नव्व्याण्णव जणांना चाललं असतं. पण ज्या माणसाने कीबोर्डमधल्या पेटीला ‘ह्यो कोण’ म्हणून विचारलं, त्याच्या हाताखाली हे नेऊन ठेवायचं माझ्याच्याने होईना. पुन्हा रेकॉर्डिंग करायला हवं होतं. आणि त्यासाठी अण्णा हवे होते. पट्टी दाबायची, मशीन सांभाळायचं आणि भाताही मारायचा, हे एकटीला जमत नाही, आणि आठ सेकंद एकसारख्या दाबाने भाता मारणं हे कोणालाही जमत नाही. अण्णांना जमतं. बेचाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाच्या हाताला घड्याळ लागत नाही. पहिल्या वेळी प्रत्येक पट्टी हलकी, मधली आणि जोराची अशी एकशे सतरा वेळा त्यांनी माझ्या बोटांच्या खुणेवर भाता मारला होता आणि शेवटी घाम पुसत म्हणाले होते, “लई दिसांनी हाताला काम मिळालं.” ते सगळं वाया गेलं हे आता मला त्यांना सांगायचं होतं. तेही ओरडून, म्हणजे गल्लीसकट.

मंगळवारी गेले. अण्णा पायरीवर बसले होते. मी शेजारी बसून जमेल तेवढ्या खालच्या आवाजात, म्हणजे तशी ओरडूनच, सांगितलं की रेकॉर्डिंगमध्ये मागाचा आवाज आलाय, सगळं परत करायला लागणार. अण्णांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून शब्द गोळा केले. मग म्हणाले, “माग? कुठला माग? त्या दिवशी आवाज न्हवता की.” त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून ते तसं म्हणत होते, आणि मला ऐकू येत असूनही मी तेच म्हटलं होतं. मी पुन्हा सांगितलं, नागराजचा, दुसरा, दाराजवळचा. तेव्हा त्यांनी हात जमिनीवर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान हलवली. “व्हय की. चालूच हाय.” मग काहीतरी मोठी अडचण चुटकीसरशी सोडवल्यासारखे म्हणाले, “उद्या ये. उद्या लाइनीचं काम हाय, पेपरात आलंय. धा ते पाच करंट न्हाय.”

बुधवारी दहाला करंट गेला आणि माग बंद पडले. मी वरच्या खोलीत बॅटरीवरचं मशीन मांडून तयार होते, पण शांतता कुठली. माग थांबले की वडगाव बाहेर येतं आणि बोलायला लागतं, आणि वडगावचं बोलणं म्हणजे मी सांगितलंच आहे. नागराजची माणसं आमच्याच पायऱ्यांवर बसून कुणाच्या तरी लग्नाबद्दल वाद घालत होती. अण्णा खाली गेले. खिडकीतून मला त्यांचा आवाज आला, “माझ्या पोरीचं काम हाय. कुणी बोलायचं न्हाय आज. बोलायचं तर तिकडं देवळाच्या कट्ट्यावर जावा.” हे ते इतक्या जोरात सांगत होते की त्यांच्याइतका आवाज गल्लीत कोणाचाच नव्हता. नागराज हसला, पण उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले. आईने दार लावून घेतलं. अकरा वाजून गेले तेव्हा खोलीत जे आलं ते मी वडगावात यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याच रक्ताचा आवाज कानात येत होता. लहानपणची ती भीती पुन्हा आली, पण आता मी चाळिशीची बाई होते, म्हणून मी चहाचा कप उगीच इकडून तिकडे ठेवला.

खालून सुरुवात केली. पहिली पट्टी, खर्जातली पांढरी एक. मी एक बोट वर केलं, हलकी. अण्णांनी भाता सोडला आणि आठ सेकंद तो पाण्याच्या धारेसारखा सरळ राहिला. दोन बोटं, मधली. तीन बोटं, जोराची. तिसऱ्या वेळी चौथ्या-पाचव्या सेकंदाला त्यांचा हात थांबला. मी वर बघितलं. ते पेटीकडे बघत होते. “आला,” ते म्हणाले. मी मशीन बंद केलं. काय आला म्हणून विचारलं. “सूर आला गं. ऐकू आला.” पहिल्या वेळी एकशे सतरा वेळा त्यांनी भाता मारला होता, आणि त्यातलं त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, हे मला आत्ता कळत होतं. मी विचारलंच नव्हतं. मी दिवसभर ऐकण्याचं काम करणारी बाई, मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. मी ओरडून म्हणाले, “अण्णा, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “त्यात काय सांगायचं? मला वाटलं, तुझं मशीन ऐकतंय. आपल्याला काय करायचंय.”

आम्ही वर सरकत गेलो. आता अण्णा प्रत्येक पट्टीला कान देत होते आणि त्यामुळे त्यांचा हात बिघडत होता. ऐकायला लागलं की दाब कमी-जास्त व्हायचा, मग ती पट्टी परत. मध्येच एक कुत्रं भुंकलं, मध्येच भाजीवाली ओरडून गेली, ती पट्टीही परत. मला त्यांच्यावर रागवता येत नव्हतं. मधल्या सप्तकाच्या शेवटी एका काळ्या पट्टीवर ते म्हणाले, “गेला.” पुढची पट्टी वाजवली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्याच्या पुढची. नाही. जिथे ते थांबले तिथून वरचं सगळं मला लख्ख ऐकू येत होतं, आणि ते मला एकटीला ऐकू येतंय याचा मला त्रास झाला. अण्णांचा हात मात्र पुन्हा पहिल्यासारखा सरळ चालायला लागला. तेहतीस पट्ट्या झाल्या तेव्हा दीड वाजला होता. सहा राहिल्या, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पाचला अजून साडेतीन तास होते. अण्णा म्हणाले, “प्रिया, जरा परत खाली चल की. ती पयली पट्टी लाव.”

मी लावली. मशीन बंदच ठेवलं. अण्णांनी भाता हळू मारला, मग जोरात, मग पुन्हा हळू, आणि सूर त्यांच्या हाताबरोबर मोठा झाला, लहान झाला. त्यांच्या ते लक्षात आलं. “हे मी करालोय व्हय?” मी मान डोलावली. “मी थांबलो की थांबालंय.” त्यांनी थांबवून बघितलं. परत चालू केलं. बेचाळीस वर्षं त्यांनी मैलोगणती कापड विणलं, लोकांच्या लग्नात नेसली गेली ती लुगडी विणली, पण आपल्या हाताने केलेलं काही कानाने ऐकणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. तिथे जो आवाज होता तो यंत्राचा होता. मी पट्टी दाबून बसले होते. बोट दुखायला लागलं, ते बदललं. आई एकदा दार उघडून डोकावली आणि जिन्यावर बसली. मी घड्याळ बघत होते, बघत नव्हते असं नाही. सहा पट्ट्या राहिल्यात हे मला प्रत्येक मिनिटाला आठवत होतं, आणि प्रत्येक मिनिटाला मी म्हणत होते, आणखी थोडा वेळ, पाच कुठे वाजलेत. गुंजीच्या देवळात मागच्या रांगेत बसलेला तो म्हातारा मला दिसत होता. पण हा समोर होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी करंट आला. सांगितलेल्या वेळेच्या आधी करंट आल्याचं मला आयुष्यात आठवत नाही, त्या दिवशी आला. कट्ट्यावरून माणसं धावत आली असतील. आधी मागच्या गल्लीतले माग लागले, मग नागराजचा पहिला, मग दुसरा. मी पट्टी सोडली नव्हती, अण्णांनी भाता सोडला नव्हता, पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते पेटीकडे वाकले, आणखी वाकले, मग सरळ झाले. त्यांनी भाता लावून घेतला आणि विचारलं, “झाल्या काय गं सगळ्या?” मी म्हणाले, “झाल्या, अण्णा.”

न झालेल्या सहा मी घरी बसून केल्या. शेजारच्या पट्टीचा सूर घेऊन तो ताणून वर चढवायचा, ही पद्धत सर्रास चालते, त्यात फसवणूक नाही असं सगळे म्हणतात. मीही इतरांना तेच सांगत आले आहे. रविवारी साईराज निपाणीहून गाडी घेऊन आला आणि आम्ही गुंजीला गेलो. वाटेत तो म्हणाला, “ताई, खडखड पार गेली. कसं काय केलासा?” मी म्हणाले, करंट गेला होता. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. आप्पांच्या घरी रुक्माबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पेटीची जागा पुसून ठेवली होती. साईराजने तिथे कीबोर्ड मांडला, बाजूला पेटी ठेवली. आप्पा काठी टेकत आले, बसले. डावा हात उजव्या हाताने उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. मग उजवा पट्ट्यांवर.

त्यांनी आधी एकच सूर लावला आणि धरून ठेवला. रुक्माबाई चुलीकडे जात होत्या, त्या थांबल्या. मग ते वाजवायला लागले. थांबत, चाचपत, मग न थांबता. रुक्माबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. साईराज माझ्याकडे बघून हसला. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, ती कुठवर वर जातात ते. गेली. वरच्या सप्तकात एक लहानशी हरकत घेऊन ती परत खाली येणार, एवढ्यात थांबली. आप्पांनी ती पट्टी पुन्हा दाबली. मग तिच्या अलीकडची. मग पुन्हा ती. एकेक करत शेवटच्या पट्टीपर्यंत गेले आणि मान वर करून म्हणाले, “हितनं पुढं कोण हाय गं?”

साईराज म्हणाला, “मामा, तेवढ्या वर कोण जातंय सप्ताहात.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी म्हणाले, “वरच्या सहा तुमच्या नाहीत आप्पा. ताणून बसवल्यात. घ्यायच्या ऱ्हायल्या.” ते वाट बघत राहिले, म्हणून मी सगळं सांगितलं. नागराजचा माग सांगितला, बुधवारचा करंट सांगितला, अण्णांनी भाता मारला ते सांगितलं, आणि वेळ होता तेव्हा मी एकच खालची पट्टी धरून बसले, कारण ती माझ्या वडिलांना ऐकू येत होती, हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज केव्हा वाढला मला कळलं नाही. त्या छोट्याशा घरात मी वडगावच्या आवाजात बोलत होते आणि तो खाली आणावा असं मला वाटलं नाही. मी म्हणाले, “चूक माझी आहे. पेटी परत न्यायला द्या, सप्ताह झाल्यावर करून देते.”

आप्पांचं बोट खालच्या पांढऱ्या एकवर गेलं होतं. त्यांनी ती दाबली आणि धरून ठेवली. कीबोर्डमध्ये दम संपत नाही, त्यामुळे सूर चालूच राहिला. बाहेर परसात कोंबड्या होत्या, त्याशिवाय त्या घरात दुसरा आवाज नव्हता.

“ह्यो भाता त्यांचा व्हय?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“किती वर्सं माग चालवला म्हणालीस?”

“बेचाळीस.”

त्यांनी मान हलवली. पट्टी अजून सोडली नव्हती.

“सप्ताह उठला की घेऊन ये त्यास्नी,” ते म्हणाले. “चार दिस ऱ्हाऊ देत. हितं माग न्हाईत.”